नाकाची साक्ष

रोहे तालुक्यातील नागोठणे हे अंबा नदीच्या काठचे जुने गाव. एकेकाळी भरतीच्या पाण्यावर येथवर गलबते येत; आज मुंबई-गोवा महामार्ग आणि पनवेल-रोहे लोहमार्ग या गावाला स्पर्शून जातात. येथील माणसाचे नाक दिवसभर कामात असते. भातखाचरातील ओला चिखल, भरतीबरोबर वर सरकणारा खारा वारा, बाजारातील सुके बोंबील आणि वाऱ्याची दिशा पालटली की कारखान्यांकडून येणारा रसायनांचा दर्प यांतील फरक शाळकरी पोरही सांगू शकते. परंतु ज्या वायूंवर या परिसराचे आधुनिक अर्थकारण उभे राहिले त्या वायूंना मात्र वासच नाही. बॉम्बे हायच्या नैसर्गिक वायूतून वेगळे काढलेले ईथेन व प्रोपेन हे येथील पेट्रोकेमिकल प्रकल्पाचे मूळचे कच्चे द्रव्य. शुद्ध स्थितीत हे दोन्ही वायू गंधहीन असतात. ५ नोव्हेंबर १९९० रोजी या प्रकल्पात वायुगळती होऊन भीषण स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हा येथे विषय नाही. परंतु तिच्या निमित्ताने एक साधी गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. घराघरांतील स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही प्रोपेन व त्याचा भाऊबंद ब्यूटेन हेच वायू असतात. त्यांची गळती गृहिणीच्या लगेच लक्षात येते याचे कारण, त्यांत इथिल मरकॅप्टन नावाचा अत्यंत उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. म्हणजे कोट्यवधी कुटुंबांची सुरक्षितता शेवटी कोणाच्या तरी नाकावर सोपविलेली आहे. ते नाक शाबूत आहे की नाही, याची चौकशी मात्र कोणी कधी करीत नाही. शाळेत मुलांचे डोळे तपासतात, कान तपासतात, दात मोजतात. नोकरीत रुजू होताना वर्णांधतेची परीक्षा होते. गंधज्ञानाचा रकाना मात्र सर्वसाधारण आरोग्यपत्रिकेवर आढळत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या व्यंगांची गणना केली; तीत दृष्टी आहे, श्रवण आहे, वाणी आहे; गंधज्ञानाचा लोप नाही.

मराठी भाषेने नाकाला मोठा मान दिला आहे. माणसाची अब्रू नाकात असते, संकटात त्याच्या नाकी नऊ येतात, सज्जन माणूस नाकासमोर चालतो आणि पराभवाने नाक कापले जाते. न्यायशास्त्राने तर गंध हा साक्षात पृथ्वीचा विशेष गुण मानला. परंतु हा सारा मान लाक्षणिक अर्थापुरता राहिला. प्रत्यक्ष घ्राणेंद्रियाकडे चैनीचे इंद्रिय म्हणूनच पाहिले गेले. अत्तर हुंगावे, फुलांचा गजरा माळावा, आमटीच्या फोडणीने भूक चाळवावी, एवढेच त्याचे कार्य. गेल्या तीन-साडेतीन दशकांतील संशोधनाने ही समजूत मुळापासून हलविली आहे. गंध ओळखणारी यंत्रणा ही शरीराची एक मूलभूत यंत्रणा असून तिचे भाग नाकाबाहेरही, थेट मूत्रपिंडापासून त्वचेपर्यंत, विखुरलेले आहेत असे आता दिसते. त्यातून नवी औषधे निघतील काय आणि रोगांची आगाऊ खूण मिळेल काय, हे दोन प्रश्न आज जगभरच्या प्रयोगशाळांत विचारले जात आहेत. त्या प्रश्नांचा नागोठण्याच्या कामगाराशी, पेणच्या शिक्षकाशी आणि मुंबईच्या कारकुनाशी संबंध आहे; आणि तो दिसतो त्याहून जवळचा आहे.

कुलूप आणि किल्ली

प्रथम ही यंत्रणा काय आहे ते पाहिले पाहिजे. नाकाच्या पोकळीत अगदी वरच्या बाजूला एक लहानसा पातळ पडदा असतो. त्यात लक्षावधी चेतापेशी असून त्यांची सूक्ष्म टोके श्वासाबरोबर येणाऱ्या हवेच्या वाटेत पसरलेली असतात. या टोकांवर विशिष्ट प्रथिने असतात. हवेतून आलेला गंधाचा रेणू या प्रथिनांत, किल्ली कुलपात बसावी तसा, बसतो आणि त्या क्षणी पेशीतून मेंदूकडे विद्युतसंदेश निघतो. या प्रथिनांना गंधग्राही असे म्हणता येईल. १९९१ मध्ये अमेरिकेतील लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोन शास्त्रज्ञांनी उंदराच्या जातीच्या प्राण्यात ही प्रथिने घडविणाऱ्या जनुकांचा प्रचंड परिवार शोधून काढला. त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात अशी सुमारे ४०० कार्यक्षम जनुके आहेत. ती शरीरातील जनुकांच्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी एका कुळातील होत. एक चेतापेशी सामान्यतः एकाच प्रकारचा गंधग्राही धारण करते. मात्र एक गंध अनेक ग्राहींना आणि एक ग्राही अनेक गंधांना प्रतिसाद देतो. थोड्या मुळाक्षरांतून असंख्य शब्द व्हावेत तसे ४०० ग्राहींच्या जुळणीतून असंख्य गंध ओळखले जातात.

या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध नवा नाही, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी आणि मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील, केनियात जन्मलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीच्या गंधज्ञानाचा आनुवंशिक अभ्यास सुरू केला. विशिष्ट वास ओळखू न शकणाऱ्या माश्यांचे वाण त्यांनी निवडून काढले आणि कोणत्या जनुकातील दोषाने कोणता वास हरपतो याचा माग घेतला. त्यांचा यासंबंधीचा निबंध १९७८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे बक आणि ॲक्सेल यांच्या शोधापूर्वी तेरा वर्षे. माशीचे गंधग्राही माणसाच्या ग्राहींहून रचनेने भिन्न आहेत, हे पुढे सिद्ध झाले. तथापि, वासाचे कोडे जनुकांच्या वाटेने सुटू शकते, ही दृष्टी कुलाब्याच्या त्या प्रयोगशाळेने फार लवकर स्वीकारली होती. रॉड्रिग्ज २०१० मध्ये आणि सिद्दिकी २०१३ मध्ये निवर्तले. त्यांची नावे महाराष्ट्रातील किती शाळांच्या विज्ञानशिक्षकांना ठाऊक असतील, याचा विचार केलेला बरा.

नाकाबाहेरचे नाक

गंधग्राहींचे काम वास ओळखण्याचे. मग ते नाकाबाहेर कशासाठी? बक आणि ॲक्सेल यांच्या शोधाला वर्ष लोटते न लोटते तोच, १९९२ मध्ये, या जनुकांपैकी काही वृषणातही कार्यरत असल्याचे आढळले. २००३ मध्ये जर्मन व अमेरिकन संशोधकांनी दाखविले की, मानवी शुक्रपेशीवरील एक गंधग्राही एका सुगंधी रसायनाच्या दिशेने त्या पेशीला पोहायला लावतो. पुढे अशा नोंदींची रांगच लागली. २०१३ मध्ये अमेरिकेतील जेनिफर प्लुझनिक आणि त्यांचे सहकारी यांनी उंदराच्या मूत्रपिंडातील व रक्तवाहिन्यांतील एका गंधग्राहीचे कार्य उलगडले. आतड्यातील जिवाणू अन्नातील चोथा आंबवून ॲसिटेट व प्रोपिओनेट ही लहान आम्ले तयार करतात. ती रक्तात उतरतात, हा ग्राही त्यांना ओळखतो आणि रक्तदाबाच्या नियंत्रणात भाग घेतो. म्हणजे पोटात काय शिजते आहे याचा वास जणू मूत्रपिंड घेत असते.

त्वचेचे उदाहरणही असेच. जर्मनीतील बोखुम येथील हान्स हाट यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखविले की, मानवी त्वचेच्या पेशींवर एक गंधग्राही असून चंदनासारखा वास असलेल्या एका कृत्रिम द्रव्याने तो जागा झाला म्हणजे प्रयोगशाळेतील पेशींची वाढ होते आणि त्यांच्या थरातील ओरखडा लवकर भरून येतो. २०२२ मध्ये अमेरिकन संशोधकांनी हृद्रोगाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढे आणली. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचणाऱ्या मेदाच्या थरात ज्या भक्षकपेशी असतात, त्यांवर एक गंधग्राही आहे. संत्र्याच्या सालीच्या वासात असणारे ऑक्टानल हे द्रव्य शरीरातही तयार होते. ते या ग्राहीला चेतविते आणि दाह वाढतो. उंदरांत हा ग्राही निष्प्रभ केला असता रक्तवाहिन्यांतील विकार कमी झाला. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत आढळणारा आणखी एक ग्राही कर्करोगग्रस्त ऊतींत पुष्कळदा प्रमाणाबाहेर वाढलेला दिसतो. त्यामुळे एकीकडे रोगाची खूण म्हणून आणि दुसरीकडे औषधाचे लक्ष्य म्हणून त्याचा अभ्यास चालू आहे.

औषधाचे लक्ष्य याचा अर्थ समजून घेणे अवघड नाही. गोळी पोटात गेल्यावर ती शरीरात कोठेतरी, कोणत्यातरी प्रथिनावर जाऊन बसते. ते प्रथिन हे तिचे लक्ष्य. दम्याच्या रुग्णाचे सालब्युटामॉल, रक्तदाबाचे अटेनोलॉल आणि शिंकांवर घेतले जाणारे सेटिरिझीन ही औषधे ज्या ग्राहींवर काम करतात, ते ग्राही आणि गंधग्राही एकाच विशाल कुळातील आहेत. पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनाची लड, ही त्या कुळाची ओळख. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे या कुळातील कोणत्या ना कोणत्या ग्राहीवर काम करतात. आश्चर्य याचे की, या कुळातील जवळजवळ अर्धे सभासद गंधग्राही असूनही औषधशास्त्राने त्यांच्याकडे पाठ फिरविली होती. नाकातली गोष्ट नाकापुरती, अशी समजूत त्याच्या मुळाशी होती. भांडारातल्या अर्ध्या खोल्या केवळ नाव पाहून बंद ठेवाव्यात, असा हा प्रकार.

उतावळेपणाचा धोका

मात्र या खोल्या उघडल्या म्हणजे धन हाती आलेच, असे मानणे ही शुद्ध भाबडेगिरी ठरेल. गंधग्राहीवर बेतलेले एकही औषध अद्याप रोजच्या रुग्णोपचारात आलेले नाही, आणि त्याला सबळ कारणे आहेत. ही प्रथिने प्रयोगशाळेतील पेशींत तयार करून घेणे अतिशय जिकिरीचे असते. ती पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाहीत. मानवी गंधग्राहीची गंधरेणूसह तपशीलवार त्रिमिती रचना प्रथम प्रसिद्ध झाली ती २०२३ मध्ये. प्रोस्टेट ग्रंथीत सापडणारा, प्रोपिओनेटचा आंबूस वास ओळखणारा तोच तो ग्राही. अनेक ग्राहींच्या बाबतीत त्यांची किल्ली कोणती, हेच अजून उमगलेले नाही. गंधाचे रेणू ग्राहीवर घट्ट बसत नाहीत, एक ग्राही अनेकांना दाद देतो आणि उंदराचा ग्राही म्हणजे माणसाचा ग्राही नव्हे. एका व्यक्तीच्या ग्राहींत आणि दुसऱ्या व्यक्तीच्या ग्राहींतही पुष्कळ फरक असतो. पेशींच्या बशीतील यश आणि रुग्णाच्या खाटेशेजारचे यश यांत फार मोठे अंतर असते.

हे अंतर विसरले की काय होते, याची आपल्याकडे उदाहरणे शोधावी लागत नाहीत. गंधाने रोग बरा करण्याची जाहिरात करणाऱ्या बाटल्या बाजारात आधीच आहेत. चंदनाच्या प्रयोगाची बातमी कानावर पडताच उगाळलेल्या चंदनाने जखमा भरतात, हे विज्ञानाने सिद्ध केले, असे सांगणारे निघतील. वस्तुतः त्या प्रयोगातील द्रव्य चंदनाचे तेल नव्हते. ते प्रयोगशाळेत घडविलेले रसायन होते, आणि परिणाम वासामुळे नव्हे तर त्वचेच्या पेशीला झालेल्या प्रत्यक्ष स्पर्शामुळे होता. संत्र्याचा वास घेतल्याने हृदयविकार होतो, असा निष्कर्षही दुसऱ्या प्रयोगातून निघत नाही. पूर्वजांना सर्व ठाऊक होते असा अभिमान आणि पश्चिमेने सर्व शोधले असा न्यूनगंड ही दोन्ही टोके टाळून, काय सिद्ध झाले आणि काय नाही हे नीट सांगण्याची जबाबदारी शिक्षकांवर आणि वृत्तपत्रांवर येते.

पुण्याचा धडा

औषधांची वाट पाहावी लागेल हे खरे; पण रोगाची खूण म्हणून गंधज्ञानाचा उपयोग करण्यासाठी वाट पाहण्याचे कारण नाही. याचा दाखला महाराष्ट्रानेच दिला आहे. २०२० च्या कोरोना साथीत अनेकांना अचानक वास येईनासा झाला. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील निक्सन अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंधज्ञान मोजणारे एक यंत्र तयार केले आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांच्या साहाय्याने कोरोनाबाधितांची चाचणी घेतली. निवडक वास, ठरलेल्या तीव्रतेने, मोजून द्यायचे आणि माणसाला ते कळतात की नाही याची नोंद करायची, अशी ही पद्धत. ज्यांना कोणतेही लक्षण नाही असे वाटत होते, अशा बाधितांपैकी सुमारे पाचांत चौघांचे गंधज्ञान मंदावलेले निघाले. आपला वास गेला आहे, असे आपणहून सांगणारे त्यांच्यात फारच थोडे होते. हा निबंध त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाचा खरा धडा कोरोनापुरता मर्यादित नाही. डोळ्याला कमी दिसू लागले की माणसाला कळते; नाक मंदावले की त्याला कळत नाही. जन्मतःच वास न येणाऱ्या मुलाला तर इतरांना काहीतरी अधिक कळते याचीच कल्पना नसते. म्हणून विचारून भागत नाही, मोजावे लागते. वास का गेला, याचे उत्तरही नंतर हळूहळू मिळाले. विषाणू गंधपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो आणि त्या गोंधळात गंधपेशींतील गंधग्राहींची जनुके मूक होतात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे गंधग्राही हे केवळ पुस्तकातले प्रथिन राहिले नाही. साथीच्या काळात कितीतरी घरांत त्याची अनुपस्थिती जाणवली.

कंपवाताच्या बाबतीत हीच खूण अधिक मोलाची आहे. हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी अनेक रुग्णांचे गंधज्ञान घटलेले असते. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांतही तसे आढळते. अमेरिकेत ५७ ते ८५ वर्षे वयाच्या सुमारे ३,००० व्यक्तींच्या पाहणीत, ज्यांचे गंधज्ञान लोपले होते त्यांच्यात पुढील पाच वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण इतरांच्या मानाने कितीतरी अधिक होते, असे २०१४ मध्ये नोंदविले गेले. याचा अर्थ वास गेल्याने मृत्यू येतो असा नव्हे. आत काहीतरी बिघडत असल्याची ती सूचना असू शकते, एवढाच याचा अर्थ. सर्दी, नाकातील गाठी, वाढते वय, धूम्रपान, तपकीर, डोक्याला झालेला आघात, अशी कितीतरी कारणे त्यामागे असू शकतात. एकट्या नाकाच्या साक्षीवर निकाल देता येणार नाही; पण साक्षीदाराला न्यायालयात बोलावूच नये, हेही योग्य नव्हे.

कामगाराचे नाक, कामगाराचा हक्क

येथे प्रश्न पुन्हा नागोठण्याकडे वळतो. रोहे-धाटाव, पाताळगंगा, तळोजे, महाड ही रायगड जिल्ह्यातील रासायनिक उद्योगांची केंद्रे. अशा वसाहतींत काम करणारा माणूस पहिल्या आठवड्यात नाकाला रुमाल लावतो आणि सहा महिन्यांनी ‘आता वास येत नाही’ असे समाधानाने सांगतो. या समाधानात धोका दडलेला आहे. पुष्कळदा ही केवळ सवय असते. सुट्टीवर गेले की नाक पूर्ववत होते. परंतु काही द्रावके व धूर दीर्घकाळ नाकात जात राहिल्यास त्या पातळ पडद्याची कायमची हानी होऊ शकते. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तर अधिक दगाबाज आहे. तो अत्यल्प प्रमाणात असताना नाकाला लगेच कळतो. हवेच्या दहा लाख भागांत सुमारे शंभर भागांपर्यंत त्याचे प्रमाण पोचले की, तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणून संकट टळले असे समजून माणूस पुढे जातो. गटारे आणि मैल्याच्या टाक्या यांत उतरणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंत या वायूचा मोठा वाटा असतो.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांत काम करणाऱ्यांची नेमणुकीपूर्वी व त्यानंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी बंधनकारक करण्यात आली. ते तत्त्व योग्यच होते. त्याच तत्त्वाला धरून या तपासणीत गंधज्ञानाच्या मोजणीची भर घालणे, हे शासनाने उचलण्याजोगे पहिले पाऊल आहे. त्यासाठी परदेशी यंत्रसामग्रीची गरज नाही. १९८४ पासून वापरात असलेली अमेरिकन चाचणी चाळीस वासांची आहे; तिच्यात भोपळ्याचा गोड पाय आणि शेपूच्या चवीचे लोणचे यांसारखे तिकडचे वास आहेत. कोलाडच्या शेतकऱ्याला ते ओळखता आले नाहीत, तर दोष त्याच्या नाकाचा नव्हे. हिंग, लसूण, लवंग, मोगरा, रॉकेल, सुकी मासळी, पिकलेला फणस अशा येथल्या वासांची, प्रमाण ठरवून दिलेली आणि निरोगी माणसांवर आधी पडताळलेली चाचणी तयार करणे पुण्या-मुंबईच्या संस्थांना अशक्य नाही. पुण्यातील अनुभव हाताशी आहेच.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की, जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर मिळण्याची मारामार, तेथे वासाची तपासणी हे चोचले नव्हेत काय? परंतु ही तपासणी डॉक्टरने करावी लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका ती काही मिनिटांत करू शकते. शिवाय लोपलेल्या गंधज्ञानावर निदान एक स्वस्त उपचार उपलब्ध आहे. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ लक्षपूर्वक घेण्याच्या सरावाने काही रुग्णांत सुधारणा होते, असे जर्मनीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले; पुढील अभ्यासांनीही त्याला पुष्टी दिली. आणि ज्याचा वास परत येणार नाही, त्याला निदान ते ठाऊक असेल. तो घरात वायुसूचक यंत्र बसवील, शिळे अन्न दुसऱ्याला हुंगायला सांगेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो कामगारांकडून येईल. नाक नापास झाले म्हणून नोकरी गेली तर? ही भीती काल्पनिक नव्हे. आजार उघडकीस आला की आजाऱ्यालाच दूर करायचे, ही रीत अनेक ठिकाणी रुळलेली आहे. म्हणूनच कामगार खोकला लपवतो, बहिरेपणा लपवतो. गंधज्ञानाची तपासणी कंत्राटी मजुराला घरी बसविण्याचे नवे साधन ठरणार असेल, तर ती न झालेली बरी. म्हणून तपासणीचा निष्कर्ष प्रथम कामगाराच्या हाती पडला पाहिजे. गंधज्ञान घटलेल्यास वेतन न घटवता दुसरे काम मिळाले पाहिजे. आणि एकाच विभागातील अनेकांची नाके एकदम मंदावली, तर चौकशी त्या माणसांची नव्हे, त्या विभागातील हवेची झाली पाहिजे. या अर्थाने कामगाराचे नाक हे व्यवस्थापनाच्या कारभाराचेही मापक आहे. वायुसूचक यंत्रांना ते पर्याय नव्हे, हे वेगळे सांगावयास नको. ज्या वायूला वासच नाही, त्याच्यापुढे उत्तम नाकही हतबल असते.

शिक्षकांनाही येथे काही करण्यासारखे आहे. विज्ञानाच्या तासाला झाकलेल्या डब्यांतून पाच-सहा ओळखीचे वास देऊन मुलांना त्यांची नावे लिहावयास सांगणे, हा प्रयोग कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत होऊ शकतो. त्यातून निदान करावयाचे नाही. पण एखाद्या मुलाला काहीच कळत नसेल, तर ते पालकांच्या कानावर जाईल आणि उरलेल्यांना आपल्या चेहऱ्याच्या मध्यभागी केवढी सूक्ष्म यंत्रणा आहे याचा बोध होईल. उद्या त्यांच्यापैकीच कोणी एखाद्या गंधग्राहीची किल्ली शोधील. कुलाब्यात माश्यांच्या वाणांपासून सुरुवात झाली, तेव्हा त्यातून रोगनिदानाची वाट निघेल, असे कोणी म्हटले नव्हते. मूलभूत संशोधनाचे पीक उशिरा येते; पण पेरणी झाली असेल तरच येते.

गंधग्राहींवरची औषधे येतील तेव्हा येतील. त्यांचे पेटंट कोणाच्या नावावर असेल आणि त्यांची किंमत येथील सामान्य माणसाला झेपेल काय, हेही प्रश्न त्या वेळी उभे राहतील. आज हाताशी आहे ती मोजणी, आणि ती मोजणी न करण्यास पैशाचे कारण पुरेसे नाही. १९९० मध्ये नागोठण्याने ज्या वायूमुळे माणसे गमावली, त्याच्याविषयी नाक काही सांगू शकले नसते. पण ज्या गोष्टी नाक सांगू शकते, त्याही ऐकून न घेणे हा निसर्गाचा दोष नव्हे; तो व्यवस्थेचा दोष आहे, आणि म्हणूनच तो दूर करता येण्यासारखा आहे.